बुद्धिबळाच्या पटावर एकूण किती स्थिती येऊ शकतात? अंदाज स्वतः बांधून पाहा

बुद्धिबळात विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त शक्यता आहेत, हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ते डावांबद्दल खरं आहे, स्थितींबद्दल नाही. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या साधारण १०^८० धरतात (म्हणजे १ वर ८० शून्यं, पुढेही घात असाच लिहिणार आहे). शक्य डावांचा प्रसिद्ध आकडा १०^१२०, आणि नियमात बसणाऱ्या स्थितींचा आजचा सर्वांत भरवशाचा अंदाज सुमारे ४.८ × १०^४४. या दोन आकड्यांमध्ये ७५ शून्यांचा फरक आहे, तरी लेखांत, व्हिडिओंत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

स्थितींचा हा आकडा कसा येतो ते या लेखात टप्प्याटप्प्याने करून पाहू. अकरावी-बारावीचं क्रमगुणित आणि लॉग आठवत असेल तर एवढं पुरे. हातात स्प्रेडशीट असेल तर उत्तम.

आधी काय मोजायचं ते ठरवा

डाव म्हणजे चालींची मालिका. स्थिती म्हणजे त्या मालिकेतल्या एका क्षणी पटावर जे आहे ते. एकाच स्थितीला अनेक वाटांनी पोहोचता येतं, म्हणून स्थिती लवकरच कमी भरू लागतात. पांढऱ्याच्या पहिल्या चालीचे २० पर्याय, काळ्याच्या उत्तराचे २०, म्हणजे ४०० मालिका आणि ४०० वेगवेगळ्या स्थिती. पांढऱ्याने आणखी एक चाल खेळली की मालिका होतात ८,९०२, स्थिती मात्र ५,३६२. तिसऱ्याच अर्ध्या चालीत (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल) जवळजवळ चाळीस टक्के गळती. पुढे ती वाढतच जाते.

१०^१२० हा आकडा गणितज्ञ क्लॉड शॅननने १९५०च्या आपल्या शोधनिबंधात दिला, आणि त्याचा हिशेब अगदी साधा आहे: पांढऱ्या-काळ्याच्या एका जोडचालीचे साधारण हजार पर्याय, डाव चाळीस चालींचा, म्हणून १०^३ चाळीस वेळा गुणायचे. त्याचा स्थितींशी काही संबंध नाही.

स्थितीची व्याख्याही पक्की करावी लागते. नुसतं पटाचं चित्र धरायचं, की चाल कोणाची हेही धरायचं? किल्लेकोटाचा हक्क शिल्लक आहे का, एन पासां (नुकतंच दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारण्याची खास चाल) मारता येतं का? तीनदा पुनरावृत्तीच्या नियमासाठी या सगळ्या गोष्टी बघाव्या लागतात, म्हणून मीही त्या स्थितीचाच भाग धरतो. चाल कोणाची यामुळे आकडा जवळपास दुप्पट होतो. किल्लेकोट आणि एन पासांमुळे फारच थोडा फरक पडतो, कारण त्यासाठी राजा, हत्ती किंवा प्यादी ठरावीक घरांवरच असावी लागतात.

राहिला 'नियमात बसणारी' हा शब्द. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार, कायदेशीर चालींच्या कोणत्याही मालिकेने जिथे पोहोचता येत नाही ती स्थिती बेकायदेशीर. चालींचा दर्जा इथे बघायचा नाही. दोन्ही खेळाडू हातात हात घालून मूर्खासारखे खेळले आणि तिथे पोहोचले, तरी ती स्थिती मोजायची.

पहिलं छत

कुठल्याही मोठ्या संख्येचा अंदाज बांधताना आधी वरचं छत घालावं: खरा आकडा याहून जास्त असूच शकत नाही, एवढं पक्कं करावं. पटावर ६४ घरं. प्रत्येक घर एक तर रिकामं, नाही तर १२ प्रकारच्या मोहऱ्यांपैकी एकाने भरलेलं. म्हणजे घरागणिक १३ पर्याय, एकूण १३चा ६४वा घात. १३चा लॉग १.११३९, त्याला ६४ने गुणलं की ७१.२९, म्हणजे सुमारे २ × १०^७१.

हे छत फारच उंच आहे. यात ६४ पांढरे राजे असलेला पटही मोजला गेला आहे. तरी ते घालण्याचा फायदा असा की इथून पुढचा प्रत्येक नियम किती शून्यं उडवतो ते डोळ्यांनी दिसतं.

शॅननचं सूत्र आणि त्याची खरी किंमत

शॅननने ३२ मोहरे घेतले आणि ते ६४ घरांवर किती प्रकारे मांडता येतील ते मोजलं:

६४! ÷ (३२! × ८! × ८! × २^६)

६४! म्हणजे ६४ घरांचे सगळे क्रम. ३२ रिकामी घरं सारखीच, म्हणून ३२! ने भागायचं. आठ पांढरी प्यादी एकमेकांसारखी, आठ काळीही, म्हणून दोनदा ८!. हत्ती, घोडे, उंट दोन-दोन आणि बाजू दोन, म्हणून सहा वेळा २. आकडे घाला: ६४! सुमारे १.२७ × १०^८९, भाजक सुमारे २.७४ × १०^४६, उत्तर ४.६ × १०^४२. शॅननने ते ढोबळमानाने १०^४३ असं सांगितलं. त्याने तो ढोबळ अंदाज म्हणूनच मांडला होता, नंतरच्यांनी मात्र तो अंतिम आकडा असल्यासारखा वापरला.

हे सूत्र काय मोजतं ते नीट बघा. ३२च्या ३२ मोहरे पटावर आहेत, म्हणजे आजवर काहीच मारलं गेलेलं नाही. मग प्याद्यांचं काय? पहिल्या आणि आठव्या रांगेत प्यादं राहूच शकत नाही, म्हणून प्याद्यांना ४८ घरं. ४८तून ८ निवडायची, उरलेल्या ४०तून आणखी ८: ३७,७३,४८,९९४ गुणिले ७,६९,०४,६८५, म्हणजे २.९ × १०^१६. उरलेले १६ मोहरे उरलेल्या ४८ घरांत: ४८ × ४७ × … × ३३, भागिले ६४, म्हणजे ७.४ × १०^२३. गुणाकार २.१ × १०^४०. एवढ्या एका नियमाने शॅननचा आकडा दोनशे पटींहून अधिक खाली आला.

पण इथे थांबू नका. काहीच मारलं गेलं नसेल, तर एकही प्यादं आपली उभी रांग सोडू शकलेलं नाही, कारण प्यादं तिरकं जातं ते मारतानाच. म्हणजे प्रत्येक उभ्या रांगेत एक पांढरं प्यादं, एक काळं, आणि दोघं समोरासमोर अडकलेली. पांढरं नेहमी खाली, काळं वर. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत सहा घरं, त्यातली दोन निवडली की कोणतं कोणाचं हे आपोआप ठरतं. सहातून दोन, म्हणजे १५ प्रकार. आठ उभ्या रांगांसाठी १५चा आठवा घात: २,५६,२८,९०,६२५. आधीचा २.९ × १०^१६ होता. एका कोटीहून जास्त पटींनी घट!

आता सगळं मिळून २.५६ × १०^९ गुणिले ७.४ × १०^२३, म्हणजे १.९ × १०^३३. प्रत्येक बाजूचे दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर हवेत. यादृच्छिक मांडणीत हे निम्म्या वेळा जुळतं, दोन्ही बाजू मिळून पाव. दोन राजे शेजारी नकोत, याने दहाएक टक्के आणखी गेले. हाती उरतात साधारण ४ × १०^३२.

म्हणजे शॅननचं सूत्र शब्दशः जे मोजतं, त्याचं खरं उत्तर सूत्राच्या हजार कोटीव्या भागाइतकं आहे. आणि तरीही सगळ्या स्थितींचा आजचा अंदाज शॅननच्या आकड्याच्या शंभरपट आहे. एकीकडे त्याने प्याद्यांना वाटेल तिथे बसू दिलं, दुसरीकडे मारामारी आणि बढती (शेवटच्या रांगेत पोहोचलेल्या प्याद्याचा दुसरा मोहरा होणं) पूर्ण सोडून दिली. दोन उलट दिशांच्या त्रुटींनी एकमेकींना बऱ्याच अंशी सावरलं. आकडा जवळपास आला म्हणून पद्धत बरोबर असते असं नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मारामारी आणि बढती

मोहरे मारले गेले की घरं रिकामी होतात, मांडण्या कमी व्हायला हव्यात असं वाटतं. होतं उलटं. पांढऱ्याच्या ए-प्याद्याने (उभ्या रांगांना ए ते एच अशी नावं आहेत) बी रांगेत काळ्या बी-प्याद्याच्या पलीकडे एक घोडा मारला असं समजा. त्या प्याद्याला आता आठव्या रांगेपर्यंत वाट मोकळी. शिवाय ए रांगेत समोर कोणी उरलं नाही, म्हणून काळ्याचं ए-प्यादंही मोकळं. एका मारामारीत दोन प्यादी सुटली.

आणि सुटलेलं प्यादं वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा काहीही होऊ शकतं. एका बाजूच्या आठ प्याद्यांतली किती प्यादीच राहिली आणि बाकीची काय झाली, याचे ४९५ प्रकार होतात (१२तून ४ची निवड). दोन्ही बाजूंचे मिळून २,४५,०२५. त्यात कोणते मोहरे मारले गेले याचे पर्याय मिसळले की मोहऱ्यांच्या संचांची यादी प्रचंड लांबते, आणि प्रत्येक संचासाठी मांडण्यांचं वेगळं सूत्र लिहावं लागतं. इथे हाताने करणं सोडून संगणक घ्यायचा. बेरजा लॉगमध्ये नाही, तर मोठ्या पूर्णांकांत करा. पायथनसारख्या भाषेत पूर्णांकाला लांबीची मर्यादा नसते.

बढतीचा वाटा केवढा, हे दोन निकालांवरून कळतं. बढती झालीच नाही असं धरून श्टेफान श्टायनरबर्गरने २०१५ साली २ × १०^४० ही वरची मर्यादा सिद्ध केली. डॅनिएल गुरियाँने २०२१ साली ती ४ × १०^३७ पर्यंत खाली आणली. हा आकडा नुसत्या पटाच्या चित्रांचा आहे, म्हणून चाल कोणाची हे धरून दुप्पट करू. त्याची ४.८ × १०^४४शी तुलना केली तर नियमात बसणाऱ्या साठेक लाख स्थितींमागे बढतीविना होणारी जास्तीत जास्त एक निघते. आपण क्लबात, स्पर्धेत, मोबाइलवर आयुष्यभर ज्या स्थिती बघतो त्या जवळजवळ सगळ्या या साठ लाखांतल्या एका वाट्यातल्या. नियमात बसणारी सर्वसाधारण स्थिती म्हणजे चार-पाच वजीर, भलतेच उंट-घोडे आणि मोजकी प्यादी असलेला गोंधळ.

बढती धरून वरची मर्यादाही हळूहळू खाली आली. व्हिक्टर अलिसच्या १९९४च्या प्रबंधात ती ५ × १०^५२ होती. शिरीष चिंचाळकरांनी १९९६ साली ती १.७८ × १०^४६ केली. एकदम सहा शून्यं कमी. नंतर जॉन ट्रॉम्पने आणखी बारकाईने मोजून ८.७ × १०^४५ गाठली.

पण ही सगळी छतं झाली. खरा आकडा छताच्या किती खाली आहे ते कसं कळणार?

दोन राजे आणि एक हत्ती: घरी करायचा प्रयोग

उत्तर आहे नमुना पाहणी, शितावरून भाताची परीक्षा. मोठ्या आकड्यावर जाण्याआधी तो जिथे पडताळता येतो अशा छोट्या प्रश्नावर करून बघा: पांढरा राजा, पांढरा हत्ती, काळा राजा. किल्लेकोट सोडून देऊ.

छत सोपं आहे. ६४ × ६३ × ६२ = २,४९,९८४ मांडण्या, चाल कोणाची याचे दोन पर्याय, एकूण ४,९९,९६८.

आता १ ते ६४मधले तीन वेगवेगळे यादृच्छिक आकडे काढा, त्या घरांवर मोहरे ठेवा, नाणं उडवून चाल ठरवा. मग दोनच गोष्टी तपासा. राजे शेजारी आहेत का? असतील तर बाद. पांढऱ्याची चाल असताना काळ्या राजाला हत्तीचा शह बसतो आहे का? बसत असेल तर बाद, कारण काळा आपल्या चालीत शहात राहूच शकत नाही. वाटेत पांढरा राजा आडवा असेल तर शह बसत नाही, हे विसरू नका. असं शंभर वेळा करा. प्रत्यक्ष पट मांडून केलंत तर एक संध्याकाळ पुरते.

समजा ७८ स्थिती पास झाल्या. ४,९९,९६८ × ०.७८, म्हणजे ३.९ लाख. त्रुटी काढायला प्रमाण प, नमुने न: १.९६ × √(प × (१−प) ÷ न). इथे ते ०.०८ येतं, म्हणजे वर-खाली सुमारे ४१ हजार. अंदाज ३.५ ते ४.३ लाख.

खरं उत्तर मोजून काढता येतं. शेजारी नसलेल्या राजांच्या ३,६१२ जोड्या (६४ × ६३ = ४,०३२, त्यातून कोपऱ्यांचे १२, कडांचे १२० आणि आतल्या घरांचे २८८ वजा). काळ्याची चाल असेल तर हत्ती उरलेल्या ६२ घरांपैकी कुठेही: २,२३,९४४. पांढऱ्याची चाल असेल तर शह देणाऱ्या ४८,७७६ मांडण्या वगळून १,७५,१६८. एकूण ३,९९,११२. शंभर नमुन्यांत उत्तर हातात आलं!

तरीही हा आकडा अगदी शेवटचा नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. पांढरा राजा ए२वर (ए रांगेतलं दुसरं घर), हत्ती ए१वर, काळा राजा सी१वर, चाल काळ्याची. राजे शेजारी नाहीत, शह आहे पण चाल काळ्याचीच. वरच्या दोन्ही तपासण्या पास. आता पांढऱ्याची शेवटची चाल कोणती होती ते शोधा. हत्ती वरून आला नाही, ए२वर त्याचाच राजा आहे. बी१वरून आला म्हणावं तर तिथूनही तो शह देतच होता. राजा ए३ किंवा बी३वरून आला असेल तर शह आधीपासूनच होता. राजा बी१ किंवा बी२वर असूच शकत नव्हता, ती घरं काळ्या राजाला लागून. शेवटची चालच नाही, म्हणजे ही स्थिती कोणत्याही डावात येऊ शकत नाही.

पटाकडे नुसतं बघून ते कळत नाही, मागे चालत जावं लागतं. गो या खेळात स्थिती नियमात बसते का हे पट बघूनच ठरतं, म्हणून ट्रॉम्पने २०१६ साली १९ × १९च्या पटावरच्या कायदेशीर स्थितींची संख्या शेवटच्या अंकापर्यंत काढली: सुमारे २.०८ × १०^१७०, पूर्ण १७१ अंकी. बुद्धिबळाचा आकडा त्याच्यापुढे चिमुकला, पण नेमका माहीत नाही.

मोठा आकडा

पद्धत तीच, अवजारं मोठी. ट्रॉम्पने छतातल्या प्रत्येक स्थितीला क्रमांक देणारा प्रोग्रॅम लिहिला. कोणताही क्रमांक दिला की त्याची स्थिती मिळते. मग यादृच्छिक क्रमांक काढायचे, स्थिती मांडायची आणि ती नियमात बसते का ते ठरवायचं.

ठरवताना स्वस्त तपासण्या आधी, महाग नंतर. राजे शेजारी, चाल नसलेल्या बाजूला शह, एकाच वेळी तीन मोहऱ्यांचा शह: या काही क्षणांत होतात. त्यानंतर प्याद्यांचा हिशेब. ए रांगेत तीन पांढरी प्यादी असतील तर किमान तीन मारामाऱ्या झाल्या (०, १ आणि २ रांगा सरकून), तेवढे काळे मोहरे पटावरून गेलेले हवेत. बी२ आणि डी२ची प्यादी जागची हललेली नसतील तर सी१चा उंट कधी बाहेर पडलाच नाही. काळ्या घरांवरचा पांढरा उंट दुसरीकडे दिसला तर तो बढतीचा, म्हणजे एक प्यादं कमी हवं. त्याच्यापुढे शेवटची चाल शक्य होती का. आणि सर्वांत शेवटी पुरावा डाव: सुरुवातीच्या मांडणीपासून त्या स्थितीपर्यंतच्या प्रत्यक्ष चाली. पीटर ओस्टरलुंडने असा डाव शोधणारा प्रोग्रॅम तयार केला म्हणून हे लाखो नमुन्यांवर शक्य झालं. डाव सापडला की शंका संपली.

छतातल्या साधारण साडेपाच टक्के स्थिती नियमात बसतात. ८.७ × १०^४५च्या साडेपाच टक्के, म्हणजे ४.८ × १०^४४.

साडेपाच टक्क्यांसारख्या छोट्या प्रमाणालाही अफाट नमुने लागत नाहीत. वरचं त्रुटीचं सूत्र १,००० नमुन्यांना लावा: प्रमाण ४.१ ते ६.९ टक्के, म्हणजे ३.६ ते ६ × १०^४४. हजार स्थिती तपासून ४५ अंकी संख्येचा पहिला अंक जवळपास कळतो. प्रकाशित आकड्याला ४.८२ ± ०.०३ इतकी धार आली ती नमुने वाढवून.

स्वतः प्रोग्रॅम लिहायला बसलात तर एका जागी फार जपा: प्रत्येक स्थिती निवडली जाण्याची संधी सारखी हवी. सहज सुचणारी वाट म्हणजे आधी मोहऱ्यांची संख्या यादृच्छिक घ्यायची, मग प्रकार, मग घरं. याने अंदाज पार कोसळतो. फक्त दोन राजांच्या मांडण्या काही हजार, आणि पंचवीस-तीस मोहऱ्यांच्या मांडण्या अब्जावधींच्या अब्जावधी. दोघांना समान संधी दिली तर नमुन्यात भलत्याच स्थितींची गर्दी होते. आधी प्रत्येक मोहरासंचाच्या मांडण्या मोजा, त्या प्रमाणात संच निवडा, मग त्या संचातली एक मांडणी सारख्या संधीने काढा. खऱ्या डावांच्या संग्रहातून किंवा यादृच्छिक चाली खेळून मिळवलेल्या स्थितीही इथे चालत नाहीत. त्यांत सगळ्या स्थितींना सारखी संधी मिळत नाही. प्रोग्रॅम तयार झाला की त्याला आधी दोन राजे आणि एक हत्ती एवढंच द्या, आणि नुसत्या पहिल्या दोन तपासण्यांवर ३,९९,११२ येतात का ते बघा.